मोजून घेतलेली छाती

मराठी भाषेने छातीला मोठा मान दिला आहे. रणात उभा राहणारा छातीचा कोट करून लढतो, खात्रीने बोलणारा छातीठोक बोलतो, आणि भित्र्याला ‘त्याची छातीच होत नाही’ असे आपण म्हणतो. त्या छातीतून जो वारा ये-जा करतो त्याचेही तसेच. भक्कम माणूस दमदार, उतावळ्याला ‘जरा दमाने घे’ म्हणून सांगणे, आणि श्रमाने जीव मेटाकुटीस आला म्हणजे दमछाक. ज्याला श्वासच पुरत नाही त्याच्या व्याधीचे नावही याच शब्दाच्या पोटातून आले आहे: दमा. शौर्य आणि रोग यांच्यामधले अंतर भाषेत एका कान्याइतकेच आहे.

पलटणीतही माणसाची ओळख छातीपासूनच सुरू होते. भरतीच्या दिवशी उमेदवाराच्या छातीभोवती फीत फिरते. श्वास भरल्यावर छाती किमान ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे, असा दंडक आहे. मग डॉक्टर नळी लावून आतला आवाज ऐकतो आणि ‘लष्करी सेवेस योग्य’ असा शेरा पडतो. पंधरा-वीस वर्षांनी तोच गडी घरी येतो. एक जिना चढताना दोनदा थांबतो. रात्री आडवे होता येत नाही म्हणून भिंतीला पाठ टेकून उजाडण्याची वाट पाहतो. आणि सेवामुक्तीच्या वेळी बसलेल्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर दोन ओळी असतात: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही, अपंगत्व १५ टक्के. या दोन ओळींनी त्याच्या अपंगत्वाच्या पेन्शनची वाट बंद होते.

प्रश्न साधा आहे. सरकारने जी छाती स्वतःच्या फितीने मोजून, निर्दोष म्हणून घेतली, ती बिघडून परत आली तर जाब कोणी द्यायचा? घेणाऱ्याने की देणाऱ्याने?

शिपायाच्या शरीराची भरपाई ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठेशाहीच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’ हा शब्द आढळतो. स्वारीत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारने लावून दिलेली ती नेमणूक. माळव्यात आणि ग्वाल्हेरीत येऊन राहिलेल्या जुन्या घराण्यांत अशा सनदांच्या कथा पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जात. परंतु तो काळ उघड्या जखमांचा होता. तलवारीचा वार दिसतो, तुटलेला हात दिसतो. त्याला साक्षीदार लागत नाही. छातीच्या आतली जखम मात्र कोणाला दिसत नाही.

ती जखम आपल्या शिपायांनी मोठ्या प्रमाणावर प्रथम अनुभवली ती १९१५ साली बेल्जममध्ये. त्या वर्षीच्या २२ एप्रिलला ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनच्या हिंदी पलटणी त्याच रणात उतरल्या. त्यांनाही वायूचा मारा सोसावा लागला. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल जमादार मीर दस्त याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रायटनच्या इस्पितळात असताना खुद्द बादशहाने ते पदक त्याला दिले. पदक छातीवर लागले, पण छातीत शिरलेल्या वायूने पुढेही त्याचा पिच्छा सोडला नाही.

त्याच महायुद्धात ब्रिटनमध्ये पंगू झालेल्या सैनिकांची संख्या इतकी वाढली की १९१७ मध्ये अपंगत्वाला टक्क्यांचे कोष्टक आले. अमुक अवयव गेला तर इतके टक्के, तमुक गेला तर इतके; आणि २० टक्क्यांच्या खाली असेल तर पेन्शन नाही, एकरकमी रक्कम देऊन रजा. टक्क्यांची ही भाषा आणि २० चा हा उंबरठा पुढे आपल्या लष्करी नियमांतही नांदू लागला. १९६१ च्या सेना पेन्शन नियमावलीत तो स्पष्ट नमूद आहे. हात-पायांसाठी हे कोष्टक ठीक आहे, कारण अर्धा हात म्हणजे अर्धा हात. श्वास मात्र सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा; उन्हाळ्यात एक, थंडीत दुसरा.

स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेच्या फुप्फुसांची कसोटी हिमालयात लागली. संस्थाने विलीन झाल्यावर होळकरांची इंदूरची पलटण कुमाऊं रेजिमेंटची १५ वी बटालियन झाली आणि शिंद्यांची ग्वाल्हेरची पलटण तिची १४ वी. माळव्याच्या पठारावरचे ध्वज असे हिमालयाच्या रेजिमेंटमध्ये जाऊन मिळाले. १९६२ च्या चीन युद्धात सपाटीवरच्या पलटणी घाईघाईने बर्फाच्या उंचीवर चढवाव्या लागल्या, आणि डॉक्टरांना एक विलक्षण दुखणे मोठ्या संख्येने दिसू लागले. तगडा जवान उंचावर पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत धापा टाकू लागे आणि तोंडाला फेस येई. हवेतला प्राणवायू विरळ झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, आणि बारीक केशवाहिन्यांतून पाणी श्वासकोशांत झिरपते. माणूस कोरड्या बर्फावर जणू बुडून मरतो. आपल्याच सेनेतील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ भारतीय जवानांवरील निरीक्षणे १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. गिर्यारोहणाच्या आजारावरील जगभरच्या ग्रंथांत त्यांचा आजही उल्लेख होतो. एप्रिल १९८४ पासून सियाचिनवर आपली ठाणी आहेत. तिथे विरळ हवेच्या जोडीला बंद तंबूत जळणाऱ्या रॉकेलची काजळीही जवानाच्या छातीत जाते.

सगळे छातीचे रोग पर्वतावरचे नसतात. कोणाला वाळवंटातल्या धुळीने गाठलेले असते, कोणाला कारखान्यातल्या रंगाच्या वाफेने, कोणाला गजबजलेल्या बराकीतल्या क्षयाने. मंडळाच्या कागदावर मात्र पुष्कळदा एकच कारण लिहिलेले आढळते: आजार शांततेच्या ठाण्यावर सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही. वाचणाऱ्याला ते पटतेही. युद्ध नव्हते, बर्फ नव्हते, मग सेवेचा दोष कसा?

येथे कायदा काय म्हणतो ते प्रत्येक माजी सैनिकाच्या घरात माहीत असले पाहिजे. लष्करी डॉक्टरांसाठी सरकारनेच काढलेल्या २००२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की, रोगाचे कारण रणक्षेत्रात घडले की शांततेच्या जागी, याला महत्त्व नाही. १९८२ च्या हक्क-नियमांत तीन गोष्टी होत्या. भरतीच्या वेळी जो दोष नोंदला नाही तो तेव्हा नव्हता असे समजावे. हक्क सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये. आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला मिळावा. त्या नियमांच्या परिशिष्टात हवामानाचा परिणाम होणाऱ्या रोगांची यादी होती. तीत फुप्फुसात पाणी होणे, क्षय, ब्राँकायटिस आणि न्यूमोनिया यांची नावे होती.

नियम पुस्तकात राहतात. त्यांना प्राण येतो तो कोणीतरी दाद मागितल्यावर. धरमवीर सिंग हा सिग्नल्समधला शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि नऊ वर्षांनी अपस्माराच्या कारणाने त्याला घरी पाठवण्यात आले. मंडळाने २० टक्के अपंगत्व मान्य केले, पण सेवेशी संबंध नाकारला, आणि का नाकारला ते लिहिले नाही. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या कागदावर त्या रोगाची नोंद नाही आणि मंडळाने कारण दिलेले नाही, तेव्हा अनुमान शिपायाच्या बाजूचे धरले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग याच्या खटल्यात न्यायालय याहून पुढे गेले. आजारपणामुळे ज्याला सेवेतून काढावेच लागले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक आहे असे मानणे भाग आहे, असे त्याने सांगितले. १५ टक्केच अपंगत्व होते, तर माणूस ठेवून का घेतला नाही? या प्रश्नाला उत्तर नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग याच्या निकालाने निरनिराळ्या रोगांच्या अनेक जवानांना हेच तत्त्व लागू झाले. यातले खटले सगळे छातीच्या रोगाचे नव्हते; पण ज्या दाराने अपस्माराचा रोगी आत गेला, त्याच दाराने दमेकरीही जाऊ शकतो.

टक्क्यांच्या भांडणाला आणखी एक बाजू होती. मंडळाने माणूस तपासून टक्के लिहावेत, आणि शेकडो कोस दूर पेन्शनच्या हिशेबी कचेरीत बसलेल्या वैद्यकीय सल्लागाराने त्या माणसाला न पाहताच ते कापावेत, अशी रीत पडली होती. १९९३ मध्ये सॅपर मोहिंदर सिंग याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिला आळा घातला. ज्याने रोगी पाहिला नाही त्याने पाहणाऱ्याचे मत खोडू नये, हे आपल्याकडचा कोणताही जुना वैद्य सांगू शकला असता. पण ते सांगायला न्यायालय लागले.

एका टक्क्याची किंमत पाहा. शंभर टक्के अपंगत्वाला हिशेबात धरायच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. समजा ते वेतन ४०,००० रुपये आहे. शंभर टक्क्यांना दरमहा १२,००० रुपये, २० टक्क्यांना २,४०० रुपये. १ जानेवारी १९९६ पासून टक्के वरच्या पायरीला नेण्याची पद्धत आली: ५० च्या आतले ५० धरायचे, ५० ते ७५ मधले ७५ आणि त्यावरचे १००. सेवेची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे डिसेंबर २०१४ मध्ये रामअवतार याच्या निकालाने ठरले. म्हणजे या नियमात बसणाऱ्या जवानाला २० टक्क्यांवर ६,००० रुपये मिळतात, आणि मुदत भरून निवृत्त झालेल्या, १९ टक्क्यांवर अडकलेल्या त्याच्या सोबत्याला काहीच नाही. श्वासाच्या एका टक्क्यावर घरातले महिन्याचे औषध अवलंबून असते.

आणि हा टक्का ठरतो कसा? १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टराने श्वास मोजण्याचे यंत्र लोकांपुढे आणले. शिपाई, खलाशी, पोलीस अशा दोन हजारांवर माणसांचे श्वास त्याने मोजले होते. आजच्या यंत्रात जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहतात, आणि वय, उंची व लिंग यांवरून अपेक्षित असलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते फक्त त्या दिवसाचे सांगते. दम्याच्या रोग्याने सकाळी औषध ओढून फुंकर मारली तर आकडा निरोग्याचा येऊ शकतो. उंचीवर फुप्फुसात पाणी झालेला जवान खाली आणल्यावर काही दिवसांत बरा होतो. महूच्या सपाटीवर त्याची तपासणी केली तर काय सापडणार? म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर समाधान मानू नये. इस्पितळात भरती झाल्याच्या तारखा, रात्री लागलेला प्राणवायू, वर्षानुवर्षांच्या चाचण्या, चालल्यावर होणारी घट, हे सारे एकत्र ठेवले म्हणजे खरा श्वास दिसतो.

हे भांडण आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या ब्राँकायटिसचे टक्के याच पहिल्या सेकंदाच्या आकड्यावरून ठरतात. अपेक्षित हवेच्या ७१ ते ८० टक्के हवा आली तर १० टक्के अपंगत्व, ५६ ते ७० आली तर ३०, ४० ते ५५ आली तर ६०, आणि ४० च्या खाली गेली तर पुरे १००. इराक आणि अफगाणिस्तानात छावणीचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत असत. त्या धुराने आजारी पडलेल्यांना ‘तुमचा रोग धुरानेच झाला कशावरून?’ असे वर्षानुवर्षे विचारले गेले. शेवटी १० ऑगस्ट २०२२ रोजी तिथे कायदा झाला की, त्या प्रदेशात सेवा केलेल्यांना असे ठरावीक श्वासरोग झाले तर ते सेवेमुळेच झाले असे गृहीत धरावे. श्रीमंत देशालाही शेवटी पुराव्याचा भार शिपायाच्या खांद्यावरून उतरवावाच लागला.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. हे पैसे जनतेचे आहेत. सुखाच्या नोकऱ्या करून निवृत्तीच्या तोंडावर किरकोळ दुखणी पुढे करणारेही असतात, आणि त्यांच्यामुळे सरकारचे मन साशंक होते. वैद्यकीय मंडळाच्या मताला मान दिला पाहिजे, असे निकालही न्यायालयाने वेळोवेळी दिले आहेत. २०१९ मध्ये नरसिंग यादव याच्या खटल्यात, काही मानसिक रोग भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, तेव्हा शिपायाच्या बाजूचे अनुमान यांत्रिकपणे काढू नये, असे त्याने म्हटले. २००८ च्या हक्क-नियमांनी दार थोडे अरुंद केले. रोग सेवाकाळात दिसला एवढ्याने भागत नाही, सेवेशी कार्यकारण दिसले पाहिजे. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम आले आणि मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांच्या लाभाचे नावच बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाले. म्हणून आपण कोणत्या तारखेला सेवेतून सुटलो आणि कोणते नियम आपल्याला लागतात, हे आधी पाहावे. पण लबाडांना पकडायचे जाळे असे विणू नये की मोठे मासे निसटावेत आणि सियाचिनवरून आलेला हवालदार तेवढा अडकावा. तपासणी कडक असावी, कारण लेखी असावे, आणि शंका उरली तर ती शिपायाच्या पदरात पडावी.

आता घरच्यांसाठी चार शब्द. आपल्याकडच्या जुन्या कुटुंबांत अर्ज-विनंत्या करण्याचा एक संकोच असतो. ‘आबा, सोडा आता तो नाद, सरकारशी कोण भांडणार?’ असे मुलगा म्हणतो, आणि आबाही पदके पेटीत ठेवून गप्प बसतात. हक्क मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, आणि अपील करणे म्हणजे पलटणीशी बेइमानीही नव्हे. जुनी लोखंडी ट्रंक उघडावी. भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, बदल्यांची व ठाण्यांची नोंद, लष्करी इस्पितळाची पत्रे, वैद्यकीय श्रेणी खाली आणल्याचे आदेश आणि सेवामुक्तीच्या मंडळाचा अहवाल, हे पाच कागद आधी शोधावेत. नसतील तर अभिलेख कार्यालयाकडून मागवावेत. सेवा आणि रोग यांचा संबंध नाकारला आहे की टक्के कमी धरले आहेत, हे नीट पाहावे. ही दोन निरनिराळी भांडणे आहेत आणि प्रत्येकाची उत्तरे निराळी. संबंधाच्या भांडणात भरतीचा निर्दोष शेरा आणि ठाण्यांची यादी बोलते. टक्क्यांच्या भांडणात चाचण्यांची माळ आणि छातीच्या डॉक्टरचे सविस्तर मत बोलते. आजार पुढे वाढला असेल तर नव्याने मंडळ बसवण्याची मागणी करता येते.

नकाराचे पत्र आल्यावर पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करावे, मग दुसरे. तिथेही दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ मध्ये सुरू झाले. मध्य प्रदेशासाठी त्याचे पीठ जबलपूरला आहे आणि महाराष्ट्रासाठी मुंबईला. तिथेही सहा महिन्यांची मर्यादा आहे. सबळ कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येते, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाची वाट दाखवणारी माणसे भेटतात. उशीर मात्र करू नये, कारण २००८ च्या नियमांत एक अट आहे: सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षे उलटून मागणी केली आणि तोवर सेवेचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले असतील, तर पुरावा देण्याचा भार सैनिकावर येतो. सरकारच्या खांद्यावरचे ओझे आपल्या आळसाने आपल्याच खांद्यावर घेऊ नये.

रोग परत जात नाही, आणि गेलेला श्वास कोणत्याही निकालाने छातीत भरता येत नाही. मग हा खटाटोप कशासाठी? महिन्याच्या काही हजारांसाठी तर खराच. औषध आणि प्राणवायूची नळकांडी फुकट येत नाहीत. पण त्याहून मोठी गोष्ट त्या कागदावरची एक ओळ आहे. ‘सेवेशी संबंध नाही’ ही ओळ पुसली जाऊन ‘सेवेमुळे’ असे लिहिले गेले, म्हणजे त्या माणसाची धाप ही त्याच्या म्हातारपणाची किंवा नशिबाची राहत नाही. ती त्याच्या कामगिरीचा भाग होते. तुटलेल्या हाताला हा मान न मागता मिळतो. फुप्फुसाला तो मागून घ्यावा लागतो, आणि तो मागण्याचा हक्क भरतीच्या दिवशी, फितीने छाती मोजली त्याच क्षणी, सरकारनेच त्याला देऊन ठेवला आहे.